‘पावणेचार लाखांची धुरकट स्क्रीन’: रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार काका,

आमच्याकडून घेतलेल्या प्रोजेक्टरबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू रात्री दुकान बंद करताना वाचला आणि सकाळी उघडल्यावर परत वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चित्र धुरकट आहे, शेजाऱ्यांचा ८५ इंची टीव्ही त्याहून बरा दिसतो, पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, ‘फोर-के’ म्हणून खोटं विकलं, काम चार दिवस उशिरा झालं आणि महिन्याभरात तोच माल तीस हजारांनी स्वस्त झाला. वर ‘दुकानदार गोड बोलतो’ हेही आहे. ते शेवटचं आमच्या घरी सगळ्यांना पटलं.

आधी उशिराचं, कारण तिथे चूक सरळ आमची. कपाटातल्या एव्हीआरपासून (चित्र-आवाजाच्या सगळ्या जोडण्या सांभाळणारा डबा) सीलिंगवरच्या प्रोजेक्टरपर्यंत केबलची लांबी पंधरा मीटर. एवढ्या अंतरावर साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलमधून फोर-के चित्राचा, सेकंदाला १८ गिगाबिटचा सिग्नल धड पोचत नाही, चित्र मध्येच जातं. म्हणून ऑप्टिकल केबल घेतली. ती एकदिशी असते; एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. आमच्या पोरानं घाईत ती उलटी ओढली, तीही पीओपीच्या वरून, एक इंची पाइपातून, दोन बेंड पार करून. परत काढताना बेंडात अडकून तिचं डोकं तुटलं आणि नवी मागवावी लागली. २७ ऑगस्टला घरोघरी बाप्पा बसले तेव्हा तुमच्या हॉलमध्ये स्क्रीन कोरी होती आणि पाहुणे तिच्याकडे बघत मोदक खात होते. त्याबद्दल मनापासून माफी. पोराला बोललोय, पण केबल ओढताना मी स्वतः तिथे असायला हवं होतं.

आता धुरकटपणाचं. रिव्ह्यू वाचल्यावर मी रविवारी दुपारी साडेतीनला तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही मॅच बघत होता. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून ऊन थेट टाइल्सवर पडत होतं. टाइल्स चकचकीत, भिंती पांढऱ्या, सीलिंगही पांढरं. प्रोजेक्टर बंद करून मी उजेड मोजायचा लक्स मीटर स्क्रीनला टेकवून धरला, तुम्ही चष्मा वर करून आकडा वाचला: ५०. पांढऱ्या मॅट स्क्रीनवर ५० लक्स उजेड पडला की ती स्क्रीन आपली आपणच साधारण १६ निट्सनं उजळते (निट म्हणजे डोळ्याला दिसणारी चमक मोजायचं माप). प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. यंत्र कितीही भारी असो, चित्रातलं काळं प्रोजेक्टर बंद असतानाच्या स्क्रीनपेक्षा जास्त काळं होऊच शकत नाही. तुमच्याकडे दुपारी ते काळंच १६ निट्सचं. त्यावर प्रोजेक्टरचे ९० निट्स धरले तर सगळ्यात पांढरी जागा १०६च्या आसपास जाते. म्हणजे पांढऱ्यात आणि काळ्यात जेमतेम साडेसहा पटीचा फरक. नायकाचे केस राखाडी दिसणार नाहीत तर काय होणार? शेजाऱ्यांच्या टीव्हीचं पॅनेल बंद असताना मुळातच काळं असतं आणि तो पाचशे निट्स सहज फेकतो. त्या दोघांची दुपारी बरोबरी नाही.

मग आपण पडदे ओढले, वर चादरी लावल्या (काकूंच्या चांगल्या चादरी, त्यांनाही सॉरी). मीटर १ लक्सवर आला. तेच यंत्र, तीच स्क्रीन, पण कागदावरच्या हिशेबानं फरक तीनशे पटीच्या आसपास गेला. ‘आता बरं दिसतंय की,’ असं तुम्हीच म्हणालात. रिव्ह्यूमध्ये ‘रात्रीही सीन राखेसारखे दिसतात’ असं लिहिलंय, तेही खरं आहे. त्याचं कारण पांढरं सीलिंग. स्क्रीनचा उजेड सीलिंगवर आपटून परत स्क्रीनवरच येतो आणि चित्रातल्या अंधाऱ्या जागा पुसट करतो.

ऑगस्टमध्ये हे दिसलं नाही, कारण तेव्हा बेळगावचा पाऊस. बाहेर दिवसभर ढग, हॉलमध्ये चार वाजताच लाइट लावावी लागायची. ऑक्टोबरात आभाळ उघडलं आणि घोळ समोर आला. तुम्हाला हे आधी कळणं शक्य नव्हतं. मला होतं.

इथेच मला माझी खरी चूक कबूल करायची आहे, कारण तुमच्या रिव्ह्यूत ती नाही. तुम्ही आमच्या डेमो रूममध्ये बसून यंत्र पसंत केलंत. त्या खोलीला खिडकी नाही, भिंती काळपट करड्या, खाली गालिचा. तिथे कुठलंही यंत्र छान दिसतं, खोली तशी केलीच आहे त्यासाठी. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर जवळजवळ दुप्पट किमतीचं दुसरं यंत्र होतं. ते घ्या असं मी म्हटलं नाही, कारण त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे गडद काळं, आणि ते तुमच्या हॉलमध्ये टिकणार नव्हतं. म्हणजे हॉल कसा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. तुमचे पैसे वाचवले म्हणून मी स्वतःवर खूश होतो. पण ‘काका, आधी खिडकीचं बघा, नाहीतर हेही घेऊ नका’ हे पुढचं वाक्य मी गिळलं. गणपतीच्या आधी बिल व्हावं असं मलाही वाटत होतं.

दुसरी चूक स्क्रीनच्या साइजची. ठरली होती १२० इंची. सुतार फ्रेम करत असताना तुमचा फोन आला, ‘मोठीच होऊन जाऊ दे की, १५०,’ आणि मी ‘करू की’ म्हणालो. १२० इंची स्क्रीन साधारण ४३ चौरस फुटांची, १५० इंची ६७ चौरस फुटांची. उजेड तेवढाच, पसरतो दीडपट जागेवर, म्हणजे प्रत्येक फुटाच्या वाट्याला एक तृतीयांशाहून जास्त कमी येतो. त्यात सोफा अकरा फुटांवर आणि स्क्रीनची रुंदीही जवळपास तेवढीच. मॅच बघताना तुम्ही स्कोअरसाठी मान वळवता, हे रविवारी मी पाहिलं.

पंख्याचं मात्र सोपं निघालं. मेनूमध्ये ‘हाय अल्टिट्यूड मोड’ चालू होता. नातवानं लावला, ‘आपण घाटावर राहतो ना’ म्हणून! बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. तो मोड साधारण दीड हजार मीटरच्या वरच्या गावांसाठी असतो, तिथे हवा विरळ म्हणून पंखा जोरात फिरवावा लागतो. मी तो बंद करून आलोय. गिरणी थांबली असेल.

‘खोटं फोर-के’ हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. तुमच्या यंत्रातल्या डीएलपी चिपवर १९२० गुणिले १०८० एवढे बारीक आरसे आहेत. चित्र पापणी लवायच्या आत चार वेळा किंचित सरकवून स्क्रीनवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके मांडले जातात. हे कोटेशनवर मराठीत लिहिलंय, त्याखाली तुमची सही आहे. पॅनेलवरच तेवढे ठिपके असलेली यंत्रं सोनी आणि जेव्हीसीकडे मिळतात, पण त्यांच्या किमतीही तशाच. अकरा फुटांवरून ठिपक्यांतला फरक ओळखणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. काळ्यातला फरक मात्र लहान पोरही ओळखतं.

तीस हजारांचं. तुमचं बिल २० ऑगस्ट २०२५चं: मूळ किंमत तीन लाख, त्यावर २८ टक्के जीएसटी, एकूण ३,८४,०००. कर कमी करायचा निर्णय जीएसटी कौन्सिलनं ३ सप्टेंबरला घेतला आणि २२ सप्टेंबरपासून प्रोजेक्टरवर १८ टक्के लागू झाले. तोच माल तेव्हापासून ३,५४,००० ला जायला लागला. ते तीस हजार सरकारी तिजोरीत गेले, माझ्या गल्ल्यात नाहीत. तुम्ही कोल्हापुरात घेतलं असतंत तरी कर तेवढाच होता. कर उतरणार हे पंतप्रधानांनी १५ ऑगस्टलाच जाहीर केलं होतं हे खरं, पण कशावर आणि किती, हे बाजारात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

आता पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. हॉलमध्ये मुख्यतः दुपारच्या मॅच आणि संध्याकाळच्या बातम्याच बघायच्या असतील तर प्रोजेक्टर ठेवू नका. यंत्र ३१० तास चाललंय, मी ते दोन लाख साठ हजारांना परत घेतो आणि डेमोला लावतो. टीव्ही तुम्ही कुठूनही घ्या, माझ्याकडूनच घ्या असं नाही.

रात्री सिनेमे बघायचेच असतील तर १५० इंची फ्रेम काढून १२० ची लावू, मजुरी आणि स्क्रीनमधला फरक माझ्याकडे. खिडकीला दुहेरी ब्लॅकआउट पडदे लागतील, खडेबाजारात शिवून मिळतात, तो खर्च तुमचा. कडेनं उजेड येऊ नये म्हणून पडदे भिंतीत पट्टी मारून बसवायचे, ते काम आमचा माणूस करेल. आणि स्क्रीनपासून सहा फुटांपर्यंतचं सीलिंग मॅट करड्या रंगाचं करायचं. काकू ‘नवीन घराला काळा रंग नको’ म्हणाल्या, म्हणून काळा म्हणत नाही, करडा चालेल. रंगाचं कार्ड घेऊन शनिवारी येतो. दुपारी साडेतीनलाच येतो, ऊन असताना.