‘एनीडेस्क काढा, आरडीपी लावा’ हा सल्ला का मानू नये

दूरच्या संगणकाचा ताबा घेऊन काम करण्याच्या सॉफ्टवेअरविषयीचा एक संदेश गेली काही वर्षे लेखापाल, करसल्लागार, पतसंस्था आणि लहान कारखानदार यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. शब्द दर वेळी थोडे बदलतात, गाभा मात्र तोच असतो. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही हॅकरांची ॲप्स आहेत आणि ती बसवताच खाते रिकामे होते, असे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले आहे. त्यांच्याऐवजी विंडोजमध्ये आधीपासून असलेला रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, वापरावा, कारण तो मायक्रोसॉफ्टचा आहे, त्यात मध्ये कोणाचा सर्व्हर येत नाही आणि तो फुकट आहे. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, उघडून त्याचा क्रमांक बदलला की घरून निर्धास्त काम करता येते. हा सल्ला तंतोतंत पाळणारे कार्यालय आधीपेक्षा अधिक धोक्यात जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात रिझर्व्ह बँकेपासून करू. फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते, हे खरे आहे. पण त्या इशाऱ्यात वर्णन होते ते फसवणुकीच्या पद्धतीचे. ठग आधी फोन करून ग्राहकाला मोबाइलवर ॲप उतरवायला लावतो, त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारून घेतो, मग ॲप मागेल त्या परवानग्या द्यायला सांगतो आणि त्यानंतर यूपीआयद्वारे पैसे वळते करतो. या साखळीतील प्रत्येक कडी ग्राहकाच्या बोटाने जोडली जाते. नुसते ॲप फोनवर असल्याने खाते रिकामे होत नाही. ‘स्वीकारा’ या बटणावर कोणीतरी दाबावे लागते. ॲपलच्या आयफोनवर तर ही ॲप्स समोरच्याला फक्त पडदा दाखवू शकतात, त्याला तिथून बोट चालवू देत नाहीत. मात्र पडद्यावर आलेला ओटीपी वाचायला तेवढे पुरेसे असते.

म्हणून या फसवणुकीवर ‘ॲप काढून टाका’ हा उपाय चालत नाही. ठगाला एनीडेस्कच हवे असते असे मुळीच नाही. मे २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, एक गुन्हेगारी टोळी विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ या अंगभूत साधनाचा गैरवापर करत आहे. ही टोळी आधी एखाद्या कर्मचाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये शेकडो निरुपयोगी मेल ओतते, मग ‘आयटी विभागातून बोलतो आहे, हा त्रास थांबवून देतो’ असा फोन करते, कंट्रोल, विंडोज आणि क्यू या तीन कळा एकत्र दाबायला सांगते आणि उघडलेल्या चौकटीत आपण दिलेला कोड टाकायला लावते. शेवटी त्या कंपनीच्या जाळ्यात ‘ब्लॅक बास्टा’ हे खंडणीखोर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पैसे मागणारे, सॉफ्टवेअर उतरते. इथे बाहेरचे कोणतेही ताबा-सॉफ्टवेअर आधी उतरवावे लागले नाही. जे वापरले गेले ते मायक्रोसॉफ्टचेच होते. ज्याला आपण स्वतःहून फोन केलेला नाही त्याला कोड द्यायचा नाही आणि त्याचा कोड टाकायचाही नाही, हा नियम सगळ्या सॉफ्टवेअरना सारखाच लागू पडतो. ॲपच्या नावांची काळी यादी पाठ केल्याने तो नियम अंगवळणी पडत नाही, उलट यादीत नसलेल्या साधनाविषयी माणूस गाफील राहतो.

आता ‘मायक्रोसॉफ्टचा म्हणून सुरक्षित’ या विधानाकडे येऊ. त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खरे नुकसान इथेच होते. आरडीपीची परंपरा १९९८ च्या विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हरपर्यंत मागे जाते आणि कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात ते उत्तम साधन आहे. त्याची गती चांगली आहे, टॅलीचा अहवाल दूरच्या संगणकावरून थेट आपल्या टेबलावरच्या प्रिंटरवर निघतो आणि वापरकर्त्यांचे अधिकार विंडोजच्या खात्यांप्रमाणेच चालतात. प्रश्न उभा राहतो तो राउटरवर ३३८९ हे आरडीपीचे नेहमीचे पोर्ट जगाला उघडे केल्यावर. त्या क्षणापासून विंडोजची लॉगिन चौकट पृथ्वीवरच्या कोणालाही दिसू लागते.

ज्या संगणकाचे पोर्ट असे उघडे आहे, त्याचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधील घटनांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम, उघडून सुरक्षा नोंदींत ४६२५ क्रमांकाच्या घटना पाहाव्यात. ४६२५ म्हणजे अयशस्वी लॉगिन. रात्री दोन वाजता, कार्यालय बंद असताना, काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक नोंदी पडलेल्या दिसतात आणि प्रत्येकीत वापरकर्त्याचे नाव वेगळे असते: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, यूजर, बॅकअप. कोणीतरी यंत्राकरवी पासवर्डचे अंदाज बांधत असते आणि त्याला घाई नसते. विंडोजमधील अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर खाते चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूपबंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ च्या अद्यतनात दिली; त्याआधी त्या खात्यावर कितीही अंदाज बांधले तरी ते बंद पडत नसे. पासवर्ड म्हणून संस्थेचे नाव आणि पुढे ‘१२३’ ठेवणाऱ्या कार्यालयाचे काय होते, हे सांगायला नको.

पासवर्ड मजबूत असला तरी काम संपत नाही. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘ब्लूकीप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषावर दुरुस्ती दिली. हा दोष आरडीपीमध्येच होता, त्याचा फायदा घ्यायला पासवर्डची गरज नव्हती आणि एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा किडा त्यावर बनवता येणे शक्य होते. प्रकरण इतके गंभीर होते की, ज्यांचा आधार केव्हाच संपला होता त्या विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच जातीचे आणखी दोष सापडले आणि त्यांत विंडोज १० सुद्धा होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि लहान कार्यालयांत ते आजही सर्रास चालते. अशा संगणकाचे आरडीपी इंटरनेटला तोंड करून ठेवणे हा मला निव्वळ निष्काळजीपणा वाटतो.

पोर्टचा क्रमांक ३३८९ वरून बदलून दुसरा ठेवला की झाले, या समजुतीत फारसे बळ नाही. इंटरनेट धुंडाळणारी यंत्रे सगळी पोर्टे तपासतात, आणि पलीकडे आरडीपी आहे हे त्याच्या उत्तरावरूनच ओळखतात. नोंदींतील गर्दी थोडी कमी होईल, इतकेच.

‘मध्ये कोणाचा सर्व्हर नाही’ हा त्या संदेशातील सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांत दोन संगणकांची गाठ कंपनीच्या सर्व्हरमार्फत घातली जाते, त्यामुळे त्या कंपनीवर विश्वास ठेवावाच लागतो. २०२४ मध्ये या विश्वासाची दोनदा परीक्षा झाली. फेब्रुवारीत एनीडेस्कने आपल्या मुख्य यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे मान्य केले, आपली सुरक्षा प्रमाणपत्रे रद्द केली आणि ग्राहकांना संकेतस्थळाचे पासवर्ड बदलायला लावले. जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन जाळ्यात एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून शिरकाव झाला. ग्राहकांच्या संगणकांना झळ पोहोचल्याचा पुरावा नाही, असे दोन्ही कंपन्यांनी सांगितले. पण धोका काल्पनिक नाही हे त्यातून दिसले.

तरीही हा मधला सर्व्हर तिथे का आहे, ते समजून घ्यायला हवे. त्याच्यामुळे दोन्ही संगणक आतून बाहेर जोडणी करतात आणि राउटरवर काहीही उघडावे लागत नाही. आपल्याकडील बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत अनेक ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. तिथे पोर्ट उघडण्याचा उपाय मुळात चालतच नाही. मधली कंपनी नको असेल तर रस्टडेस्क आहे. त्याचा कोड खुला आहे, गाठ घालून देणारा आणि माहिती पुढे पोचवणारा असे त्याचे दोन्ही सर्व्हर स्वतःच्या यंत्रावर चालवता येतात, आणि पुणे किंवा नाशिकमधील एखाद्या मध्यम कार्यालयाचा तंत्रज्ञ हे काम सहज करू शकतो. मात्र तो सर्व्हर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही मग त्याच कार्यालयाची. आरडीपीच ठेवायचे असेल तर ते व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सांकेतिक खासगी मार्गाच्या, आत ठेवावे: आधी वायरगार्डसारख्या बोगद्यातून कार्यालयाच्या जाळ्यात यायचे आणि मगच रिमोट डेस्कटॉप जोडायचा. वायरगार्ड योग्य किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही, त्यामुळे धुंडाळणाऱ्या यंत्राला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

फुकटपणाविषयी थोडक्यात. विंडोजच्या होम आवृत्तीत आरडीपीने बाहेर जोडता येते, पण त्या संगणकावर बाहेरून येता येत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. प्रो आवृत्तीतही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. विंडोज सर्व्हरवर देखभालीपुरत्या दोन जोडण्या मिळतात, आणि पाच कर्मचाऱ्यांना रोज बसवायचे असेल तर प्रत्येकासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. ही मर्यादा तोडणारे जे छोटे प्रोग्राम यूट्यूबवर सुचवले जातात, ते परवान्याचा भंग करतात आणि पुढच्या विंडोज अद्यतनात बहुधा बंद पडतात. दुसऱ्या बाजूला, टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क फुकट असतात ते वैयक्तिक वापरापुरते. व्यवसायाचा संशय आला की जोडणी मिनिटांत तोडली जाते. व्हीएनसी या दूरचा पडदा दाखवणाऱ्या जुन्या साधनाचा पर्यायही कोणीतरी हमखास सुचवते. त्याच्या मूळ पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरे मोजली जातात आणि पडद्यावरचे चित्र सांकेतिक न करता जाते, त्यामुळे व्हीपीएनशिवाय ते वापरू नये.

शिवाय ही साधने एकमेकांची जागा घेणारी नाहीत, हे त्या संदेशाच्या ध्यानीच आलेले नाही. विंडोज प्रोवर आरडीपीने जोडले की समोर बसलेल्या माणसाचा पडदा कुलूपबंद होतो. जीएसटीचे विवरण भरताना अडलेल्या ग्राहकाला ‘इथे दाबा’ असे दाखवायचे असेल तर दोघांना एकच पडदा दिसायला हवा, आणि ते काम एनीडेस्क किंवा क्विक असिस्टचे आहे. स्वतःच्या कार्यालयातील स्वतःच्या संगणकावर रात्री काम करायचे असेल तर व्हीपीएनमधले आरडीपी सरस. शंभर संगणकांची देखभाल करायची असेल तर प्रशासनाची वेगळी साधने लागतात, आणि त्यांचा धोकाही त्याच प्रमाणात मोठा असतो. २ जुलै २०२१ रोजी कसेया कंपनीच्या अशाच साधनाच्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरमधील दोषातून खंडणीखोर शिरले आणि स्वीडनमधील ‘कूप’ या दुकानसाखळीला बिलिंगची यंत्रे बंद पडल्यामुळे सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, अशी एक सवय मला सर्वांत जास्त खटकते. सॉफ्टवेअर विकणारा दुरुस्तीला येतो, पुन्हा पुन्हा फोन करावा लागू नये म्हणून एनीडेस्कमध्ये कायमचा पासवर्ड घालून जातो, म्हणजे समोर कोणी ‘स्वीकारा’ न दाबताही आत येता येते, आणि तोच पासवर्ड त्याच्या सगळ्या ग्राहकांकडे असतो. त्याचा एखादा माणूस नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तसाच राहतो. असा संगणक एनीडेस्कच्या दोषामुळे धोक्यात आलेला नसतो, पण धोक्यात नक्कीच असतो. एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये सुरक्षा या भागात जाऊन विनादेखरेख प्रवेश बंद करता येतो, किंवा ठरावीक क्रमांकांनाच परवानगी देता येते. ते आजच पाहून घ्यावे.

आणि ज्यांनी तो संदेश वाचून पोर्ट उघडले आहे, त्यांनी मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉप जोडावा, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याबाहेरून तपासणी होईल, आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये कार्यालयाचा सार्वजनिक पत्ता व बदललेला पोर्ट क्रमांक टाकावा. नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट समोर आली, तर राउटरमधील ती पोर्ट फॉरवर्डिंगची ओळ खोडावी, त्या संगणकावरील सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलावेत आणि ४६२५ च्या जोडीला ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या नोंदी, मागच्या जितक्या तारखांपर्यंत सापडतील तितक्या तपासाव्यात. त्यांत अनोळखी पत्त्यावरून झालेले यशस्वी लॉगिन आढळले, तर तो संगणक ताबडतोब जाळ्यापासून तोडून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तपास होईपर्यंत बॅकअपची डिस्क त्याला जोडू नये.