17 लाख "कायमच्या" सोलर नोकऱ्या? जरा हिशोब करून बघा

सगळीकडे फिरतंय ते असं: "सूर्यघर योजनेतून 17 लाख कायमच्या नोकऱ्या, सोलर वाढेल तशा नोकऱ्याही वाढत जाणार, पोरांनो बिनधास्त सोलरचा कोर्स करा." मी सोलरच्या बाजूचाच आहे, पण हे वाचून एखादा आयटीआयवाला पोरगा कर्ज काढून महागडा कोर्स लावेल, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे "कायमच्या" हा शब्द मधेच कुणीतरी घुसडलाय. फेब्रुवारी 2024 ला केंद्राने 1 कोटी घरांच्या छतावर सोलर बसवायची ही 75,021 कोटींची योजना मंजूर केली तेव्हा अंदाजे 17 लाख थेट रोजगार म्हटलं होतं, आणि त्यात कारखाना, वाहतूक, विक्री, फिटिंग, मेंटेनन्स सगळं आलं.

आता फिटिंगचं बघा, कारण पोरांना तेच काम मिळणार. सीईईडब्ल्यू (दिल्लीची ऊर्जा-पर्यावरणावरची संशोधन संस्था) आणि एनआरडीसी (अमेरिकेतली पर्यावरण संस्था) यांच्या अभ्यासात छतावरच्या सोलरला मेगावॅटमागे (म्हणजे 1000 किलोवॅटमागे) 24.72 जॉब-इयर धरलेत, म्हणजे एका माणसाचं एक वर्षाचं काम असं 24.72 वेळा. घरावर 3 किलोवॅट बसवलं आणि वर्षाला 300 दिवस काम धरलं तर एका घरामागे एका माणसाचं 22 दिवसांचं काम निघतं, तेही विक्री आणि डिझाइन धरून. 1 कोटी घरांचं मिळून साधारण 7.4 लाख जॉब-इयर, ते तीन वर्षांत वाटले तर एका वेळी अडीच लाख लोकांना काम. पॅनलच्या कारखान्यातलं काम यात नाही, ते वेगळं. अडीच लाख काही कमी नाहीत, पण घरं संपली की त्यातलं बरंचसं काम पण संपलं.

"सोलर वाढेल तशा नोकऱ्या वाढतील" हे तर सरळ चुकीचंय. फिटिंगचं काम यंदा नवीन किती बसलं त्यावर चालतं, एकूण किती बसलंय त्यावर नाही. जर्मनीत 2012 ला साडेसात गिगावॅटच्या (1 गिगावॅट म्हणजे 1000 मेगावॅट) वर नवीन सोलर बसलं, 2014 ला दोनपेक्षा कमी, एकूण आकडा वाढतच होता आणि माणसं मात्र घरी बसली.

आणि जमिनीवरच्या मोठ्या सोलर पार्कांना हा हिशोब लावूच नका, तिथे त्याच अभ्यासात मेगावॅटमागे फक्त 3.45 जॉब-इयर आहेत, राजस्थानात तर पॅनल पुसायलाही रोबोट लागलेत.

कोर्स करायचाच तर आधी वायरमनचं लायसन्स काढा, अर्थिंग आणि इन्व्हर्टर नीट शिका, सोलरचं काम थंडावलं तरी त्यावर घर चालतं. आणि फी भरायच्या आधी क्लासवाल्याला विचारा, मागच्या बॅचमधले किती जण आज कामावर आहेत.