खरं, मास्तर...

बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. "येणार होतो, खरं पाऊस आला." यात सत्याचा काही संबंध नसतो. पुण्याहून आलेला पाहुणा पहिले दोन दिवस घोटाळ्यात असतो. मी इथलाच, तरी या शब्दाचा धोका मला अण्णांबरोबर बायबल वाचायला बसल्यावर कळला. "मी तुम्हांला खरे सांगतो," असं येशू पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि ते वाचून मी दम घेतो न घेतो तोच समोरून येतं, "खरं, मास्तर..."

अण्णा बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या गल्लीतलेच. कोर्टात कारकुनी केली, उभा जन्म वाटणीच्या दाव्यांत गेला. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर चुकत नाही. एक दिवस त्यांनी आपण होऊन विचारलं, "तुमचं पुस्तक एकदा पहिल्यापासनं वाचायचंय. मी काय बाटणार नाही, तेवढं चहाचं बघा." ठरलं. दर बुधवारी संध्याकाळी, आमच्या कट्ट्यावर. नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकाचे, मत्तयाचे, अध्याय २८, आठवड्याला एक, म्हणजे सात महिन्यांत मोकळे, असा मी मनात हिशेब केला.

पहिल्या अध्यायातली पहिली १७ वचनं म्हणजे वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. आम्ही जन्माचे ख्रिस्ती ती वाचत नाही. नाताळात थेट अठराव्या वचनावर उडी. त्या सवयीनं मी म्हणालो, "अण्णा, ही नुसती नावं आहेत, पुढं जाऊया."

वाटणीच्या कारकुनाला मी हे म्हणालो!

"थांबा की ओ. वारसांची यादी अशी सोडत्यात होय?" त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेका नावावर टोक टेकवत निघाले. अब्राहाम ते दावीद, चौदा. बरोबर. तिथून बाबेलला नेईपर्यंत चौदा. बरोबर. मग शल्तीएल, जरूब्बाबेल करत पेन्सिल येशूवर येऊन थांबली. मागं गेली. पुन्हा आली.

"खरं, मास्तर, हे तेराच भरले. खाली चौदा लिहिलंय."

मी मोजले. तेरा. बोटं बदलून मोजले. तेराच. संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं घेतलेला माणूस मी. आतून बायकोचा आवाज आला, "तुम्ही शिकवालाय की शिकालाय?"

रात्री पाळकांना फोन केला. ते म्हणाले, काही जण यखन्याला दोन्हीकडे धरतात, म्हणजे चौदा होतात. पुढच्या बुधवारी मी ते ऐटीत सांगितलं. अण्णांनी बशीतला चहा फुंकला. "एक वारस दोन खात्यांत? आमच्या साहेबांनी अर्ज तोंडावर फेकला असता." आणि लगेच दुसरं कलम. "ही ओळ मरियेच्या नवऱ्यापर्यंत, योसेफापर्यंत येती. खरं, तो तर बाप नव्हे म्हणताय. मग वंशावळ कुणाची जोडली?"

मला घाम फुटला. या प्रश्नावर बोलायला फार विद्वान लोक आहेत, त्यांतला एकही त्या वेळी शहापुरात नव्हता. मी उगाच पानं चाळत राहिलो. बशी रिकामी झाल्यावर अण्णाच म्हणाले, "योसेफानं पोराला नाव लावलं असणार. आपलं म्हणून नाव लावलं की झाला वारस."

मी शेवटचं वचन काढलं. त्यानं त्याचं नाव येशू ठेवलं, एवढंच तिथं आहे. इतकी वर्षं मी ते 'अध्याय संपला' या आनंदात वाचत आलो होतो. त्या दिवशी माझाही चहा निवून गेला. कुंद्याची वाटी मात्र अण्णांनी संपवली.

सात महिन्यांचा हिशेब केव्हाच बुडाला. आम्ही मत्तयातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात अडकलो असताना अण्णांनी घरी परस्पर लूकचं पुस्तक उघडलं आणि पंधराव्या अध्यायातला उधळा पुत्र घेऊन आले. धाकटा मुलगा आपला हिस्सा उडवून कंगाल होऊन परततो, बाप वासरू कापून मेजवानी घालतो, थोरला रुसून बाहेरच उभा राहतो. आमच्या चर्चमध्ये या दाखल्याला लोक धाकट्यासाठी रडतात. अण्णा थोरल्याचं वकीलपत्र घेऊनच आले होते.

"धाकट्यानं हिस्सा नेला, उडवला. मागं उरलं ते थोरल्याचं. मग जेवणावळ कुणाच्या हिश्श्यातनं घातली? वासराचं तेवढं नको होतं बघा, खरं ते राहू दे. थोरल्याला तर कधी साधं करडू नाही!"

"बाप म्हणतो की, माझं ते सगळं तुझंच आहे."

"तोंडी," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मग थोरला आत गेला काय नाही शेवटी?"

मी पान उलटलं. तिथं दुसराच दाखला सुरू होत होता. बाप अंगणात येऊन समजूत घालतोय, आत वाजंत्री चाललीय आणि गोष्ट तिथंच थांबते. "लिहिलेलं नाही, अण्णा."

"म्हणजे निकाल राखून ठेवलाय म्हणा."

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा २००४ चा दावा अजून सुप्रीम कोर्टात आहे, त्यामुळे आम्हा बेळगावकरांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. अण्णांनी लूकच्या पानात पेन्सिल खुणेला ठेवली आणि चपला शोधायला लागले.

"पुढची तारीख बुधवार," ते म्हणाले, "खरं, मास्तर, त्या दिवशी चहात साखर जरा कमी."