रांजणवाडी तपासायला देऊ नका म्हणे!

काल मावशीचा फोन आला. वरच्या पापणीवर त्याच जागी तिसऱ्यांदा गाठ आली आहे. गुरुवारी ती काढून तपासायला पाठवायची, असं डॉक्टरांनी ठरवलंय. आणि ही म्हणते, "नको गं, तुकडा घेतला की कॅन्सर पसरतो." पाठोपाठ तिने एक मेसेज पाठवला: रांजणवाडी तपासायला देऊ नका, असं सांगणारा, आणि खाली त्याची कारणं. आठवडाभर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तोच फिरतोय. मी पंधरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये, काढलेल्या तुकड्यांचे पातळ काप काचेवर घेऊन, स्लाइड रंगवते. हे वाचून गप्प बसवत नाही. त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेते.

"दुखत नाही ती गाठ साधी." चूक. पापणीच्या तैलग्रंथींचा कॅन्सरही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गाठ त्याच जागी परत येतेय का, तिथले पापणीचे केस झडताहेत का, एकच डोळा सारखा लाल राहतोय का, ते बघा.

"चाकू लागला की पसरतो." सगळ्यात घातक वाक्य हेच. अहो, हा कॅन्सर चाकूसाठी थांबत नाही. स्लाइडवर त्याचे गोल पुंजके दिसतात, काहींचा मधला भाग मेलेला. पेशी फेसाळ दिसतात, कारण स्लाइड बनवताना आम्ही वापरतो त्या अल्कोहोल आणि झायलीन या द्रवांमध्ये त्यांच्यातलं तेल धुऊन जातं आणि मागे रिकामे बुडबुडे उरतात. पण खरी भीती पुंजक्यांची नाही. गाठीपासून दूर, पापणीच्या आतल्या पातळ अस्तरात, निरोगी पेशींच्या मधोमध एकेकटी कॅन्सरची पेशी बसलेली असते, भाकरीवर तीळ विखुरावेत तशी. त्याला पॅजेटॉइड पसरणं म्हणतात. वरून बघाल तर डोळा नुसता लालसर, डोळे आल्यासारखा. म्हणून तर सर्जन आजूबाजूच्या चार-सहा जागांचेही बारीक तुकडे घेतात. कुठवर पोचलाय ते तुकड्याशिवाय कळतच नाही. "दिसते तेवढी गाठ काढली की झालं" या पुढच्या मुद्द्याचंही उत्तर यातच आलं.

"हा गोऱ्या लोकांचा रोग." साफ उलट. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आपल्याकडे आलेल्या पापणीच्या कॅन्सरच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना हाच तैलग्रंथींचा कॅन्सर होता. पाश्चात्त्य देशांत पापणीवर बेसल सेल नावाचा त्वचेचा वेगळा कॅन्सर जास्त आढळतो, हा तिथे क्वचित.

एक मान्य करते. बहुतेक रांजणवाड्या खरंच साध्या असतात आणि कोमट शेकाने बसतात. पण ते पहिल्या गाठीला. तिसऱ्यांदा त्याच जागी आलेल्या गाठीवर लवंग उगाळत बसायचं नाही.

मावशी, गुरुवारची वेळ बदलू नकोस. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतच घालून पाठवा म्हणावं, आणि लॅबच्या फॉर्मवर "त्याच जागी तिसऱ्यांदा" एवढं आठवणीने लिहून घे. स्लाइड बघणाऱ्याला ते आधी कळायला हवं.