मनोरा बंद, घुमट उघडा

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची इमारत लोकांना आतून दाखवणाऱ्या वारसा फेऱ्या 2021 मध्ये सुरू झाल्या, तेव्हापासून आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप गटात एक वाक्य अधूनमधून उगवते: ‘कामाच्या जागी सहली कशाला? आपली माणसे तिथे पिचकाऱ्याच मारणार.’ बर्लिनमध्ये बसून हे वाचताना माझा पारा चढतो, कारण इथली संसदही कामाचीच जागा आहे.

राइशटाग या जर्मन संसदेच्या इमारतीवरचा काचेचा घुमट नॉर्मन फॉस्टर यांनी रचला आणि 1999 पासून तो लोकांना पाहता येतो. मधोमध आरशांनी मढवलेला उलटा शंकू आहे. तो दिवसाचा उजेड सभागृहात पोचवतो आणि तिथली गरम हवा वर ओढून घेतो. भोवतीच्या चढत्या वळणवाटेवरून टिअरगार्टनची झाडी आणि दूरचा टीव्ही टॉवर दिसतो, आणि खाली वाकून पाहिले की खासदारांच्या खुर्च्या. तिकीट नाही. 2010 मध्ये हल्ल्याच्या धोक्यामुळे घुमट बंद करावा लागला, तेव्हा आगाऊ नावनोंदणीची अट घालून तो पुन्हा उघडण्यात आला.

प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1878 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरवर आत्महत्या होऊ लागल्या आणि वर जाणे बंद झाले. भीती दोन्हीकडे खरी होती; इकडे नोंदणी आली, तिकडे कुलूप. (घुमटाला चहूकडून काच आहे, मनोऱ्याला नाही, हे मी सोयीस्करपणे बाजूला ठेवतो.) राहिला प्रश्न पिचकाऱ्यांचा. रविवारी सकाळी यू-बानच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, जिन्यांवर काय काय सांडलेले असते, हे मी गटात कधी लिहीत नाही. पण त्यापायी घुमट बंद करा, असे इथे कुणी म्हणत नाही.

‘तुला आता दोन्हीकडे पाहुण्यासारखेच जायचे, म्हणून तुला दर्शनाचा एवढा पुळका,’ असे भावाने एकदा सुनावले, आणि ते झोंबले. पासपोर्ट अजून भारतीय असल्याने घुमटाखालच्या सभागृहासाठी मला मत नाही. मुंबईत मत द्यायचे तर स्वतः हजर राहावे लागते, आणि निवडणुका माझ्या रजा पाहून लागत नाहीत. महापालिकेची आणि समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, अशा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या दोन्ही इमारतींच्या मधून मी कॉलेजची वर्षे लोकल गाठण्यासाठी पळत काढली. तेव्हा आत डोकावावेसे वाटले नाही, हेही खरे. पण जे तिथेच राहतात, मत देतात, कर भरतात, त्यांनीच स्वतःला आपल्या इमारतीच्या दाराबाहेर उभे का करावे, याचे उत्तर भावाने अजून दिलेले नाही.