पुस्तकं काढा, मग खोली कशावर उभी राहते ते बघू

वाचनालयातले पुस्तकांचे रॅक काढून तिथे हॉल करायचा, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली होती, त्यामुळे प्रस्तावना झालीच नाही. अशोकस्तंभाजवळच्या कट्ट्यावर बसता बसताच बाळासाहेबांनी सुरुवात केली.

"मी म्हणतो, बिघडलं काय? मागचे सगळे रॅक काढायचे, पुस्तकं गावाबाहेरच्या गोडाऊनला, आणि मधे मस्त हॉल. एसी, वायफाय, कॉफी. वाचायला येतंय कोण? दारात दगडी सिंह असलेल्या न्यूयॉर्कच्या त्या पब्लिक लायब्ररीनेसुद्धा हेच केलं."

"केलं नाही. करायला निघाले होते," शैलाताई म्हणाल्या. "२०१२ साली आराखडा मांडला, २०१४च्या मेमध्ये गुंडाळला. अर्धीच बातमी वाचायची सवय बरी नाही, बाळासाहेब."

"लोकांनी बोंब मारली असेल. लोकांना काय, काम नसतं."

"बोंब मारलीच. पण आधी ती इमारत उभी कशी आहे ते समजून घ्या. वाचायची मोठी खोली तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वर. नव्वद मीटर लांब, जवळपास चोवीस मीटर रुंद, वर छत सोळा मीटरच्या आसपास. मधे खांब नाही. आणि त्या खोलीच्या खाली काय, तर पुस्तकांचे सात मजले. रॅकचे जे उभे लोखंडी खांब आहेत, तेच वरच्या खोलीची जमीन पेलतात. ते फर्निचर नाही हो, तो सांगाडा आहे. तुम्ही कपाट काढायला जाल आणि हातात घर येईल."

इथे शिरीष जागा झाला. स्ट्रक्चरल इंजिनिअर माणूस, एरवी क्रिकेट सोडून बोलत नाही.

"म्हणजे आधी वरची आख्खी खोली टेकूवर धरायची, तिचा भार नव्या खांबांवर घ्यायचा, आणि मग खालचं लोखंड एकेक करून कापायचं. वर वाचणाऱ्यांना हादरा न बसता! खर्च कितीवर गेला?"

"तीस कोटी डॉलर म्हणत होते. बंद केलं तेव्हा अंदाज पन्नास कोटींच्या पुढे गेला होता."

"आपल्याकडे याच्या उलटं चालतं," शिरीष म्हणाला. "राहत्या खोलीला आपण चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतो, म्हणजे साधारण दोनशे किलो. पुस्तकांच्या कोठीला ६, तेही रॅक २.२ मीटरपर्यंत असेल तर. त्यावर उंचीच्या दर मीटरला आणखी २. तीन मीटरचा रॅक लावला की साडेसातच्या वर गेलात. आणि मंडळी काय करतात? फ्लॅटच्या स्लॅबवर लोखंडी कपाटं ओळीने मधोमध लावतात. दोन-चार वर्षांत स्लॅब मधे झुकतो, कपाटाचं दार बसेनासं होतं, आणि बोलावतात कोणाला? सुताराला! तो दार तासून जातो."

"कपाटं निदान भिंतीकडेला लावा, मधे नको," शैलाताईंनी पुस्ती जोडली.

"आकडे फेकून माणसाला गप्प करायची जुनी खोड आहे याची," बाळासाहेब. "मला एक सांगा, त्या सात मजल्यांत एसी होता का? आग विझवायची सोय होती का?"

आता हा मुद्दा खरा होता, आणि बाळासाहेबांच्या तोंडून खरा मुद्दा निघाला की कट्ट्यावर क्षणभर शांतता पसरते.

"नव्हती," शैलाताईंनी मान्य केलं. "१९११ची इमारत ती. असले मजली रॅक एकमेकांत उघडे असतात, हवा खेळावी म्हणून. खाली पेटलं तर ते धुराडंच. पुस्तकांना तिथे ठेवणं धोक्याचं होतं, हे बरोबर. म्हणून पुस्तकं हलवली. पण शेजारच्या बागेखाली तळघर होतं ना! त्याचा एक मजला १९९१पासून वापरात होता, दुसरा २०१६ला तयार झाला. वर लोक गवतावर लोळतायत, खाली थंडाव्यात पुस्तकं. मागणी आली की रुळावरून चोवीस लाल डब्यांतून वर येतात."

"झुकझुक गाडी!" बाळासाहेबांना एवढंच आवडलं.

"आणि रिकामे रॅक?" शिरीषने विचारलं.

"उभे आहेत. खोली पेलायला नको?"

अप्पा इतका वेळ दाणे सोलत होते. "अमेरिका कशाला हवी? मुंबईचा टाउन हॉल बघा, एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीचा. १८३३ला पूर्ण झाला. तीस पायऱ्या, समोर ग्रीक धाटणीचे डोरिक खांब. आपल्या नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली नाण्यांचा हंडा सापडला, तेरा हजार दोनशे पन्नास नाणी, त्याचा सगळा तपशील त्यांच्याच नियतकालिकात छापलाय."

"पायऱ्यांवर हल्ली फोटो काढायला बसतात," बाळासाहेब म्हणाले. "आत कोण जातं?"

"अप्पांनी बरी आठवण काढली," शैलाताई म्हणाल्या. "ती नाणी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारला. नहपानाला हरवलं होतं त्याने, सगळी वितळवू शकला असता. नाही वितळवली. तुम्हाला मात्र एका हॉलसाठी भट्टी पेटवायचीय."

यावर टाळी पडली. बाळासाहेबांनी चहा मागवला. त्यांचा हरण्याचा हाच एक मार्ग. पैसे अप्पांनी दिले, हेही नेहमीचंच.

"बरं, पण जुन्याचं एवढं कौतुक नका करू," बाळासाहेब सावरले. "तुमच्या त्या खोलीचं छत पडलं होतं. ते वाचलंय मी!"

"छत नाही, छतावरचं एक फूल पडलं. त्याच मे २०१४मध्ये, रात्री, खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. ते छत कोरीव लाकडाचं वाटतं, पण आहे प्लास्टर. शंभर वर्षांनी एक फूल सुटलं. मग खोली दोन वर्षांहून जास्त बंद ठेवली, नऊशेच्या नऊशे फुलं तपासली, आणि प्रत्येकाला वरून पोलादी तार बांधली. एक पडलं म्हणून एकच चिकटवलं नाही."

"आपल्याकडे खाली 'सावधान'ची पाटी लावली असती," शिरीष.

"आणि बांधताना संगमरवर आणला व्हरमाँटहून. खाणीतून निघालेल्या शंभरातले पासष्ट दगड नापास केले."

"पासष्ट?" बाळासाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच वेदना दिसली. "मग त्या दगडांचं काय केलं?"

"दुसऱ्या इमारतींना वापरले. तुम्ही असता तर नापासच लावले असते आणि पास झालेले विकले असते."

"तू बांधलेल्या स्कीममध्ये तर खांबच नापास आहे, बाळ्या," शिरीषने जुनं गाठोडं सोडलं. "पार्किंगमधे असा मधोमध घातलायस की अप्पांना गाडीतून उतरायला डिकीकडून यावं लागतं."

"तो नकाशात होता!"

"नकाशात तो जिन्याजवळ होता. मी बघितलाय."

अप्पांनी गुडघा दाखवला. तो त्या खांबावर आपटून सुजल्याचं ते वर्षानुवर्षं सांगतात, आणि दरवेळी वेगळा गुडघा दाखवतात. यावरून दहा मिनिटं गेली. मग सिंहस्थाच्या खोदकामावर गाडी वळली, कोणाच्या गल्लीत पाइप किती दिवस उघडा आहे यावर पैजा लागल्या, आणि वाचनालय राहिलं बाजूला. शैलाताई पिशवी उचलून निघाल्याही होत्या.

तेवढ्यात बाळासाहेब शिरीषच्या कानाशी लागले, पण आवाज त्यांचा, त्यामुळे पलीकडच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं:

"काय रे, गंमत म्हणून विचारतो... तो पार्किंगमधला खांब काढता येईल का?"