लाँच मॉनिटर घ्यायचाय? आधी टेप घेऊन जागा मोजा

मागच्या महिन्यात पुसदकडच्या एका ओळखीच्या पोराचा फोन आला. पुण्यात शिकताना त्याला गोल्फचा नाद लागला, आता गावी येऊन शेती पाहतो. घरीच सराव करता यावा म्हणून लाँच मॉनिटर, म्हणजे मारलेल्या चेंडूचा वेग, कोन, अंतर मोजणारं मशीन, घ्यायला दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होता. "काका, जाऊ द्या, हे आपल्या बसचं काम नाही," म्हणाला. कारण विचारलं, तर मोबाइलवर फिरणारा तोच मेसेज. मलाही चार जणांनी पाठवलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: रडारचं मशीन खोटे आकडे दाखवतं, घ्यायचं तर कॅमेऱ्याचंच. स्वस्त मशीन म्हणजे खेळणं. खोली, पडदा, प्रोजेक्टर नसेल तर घरचा सराव वाया. आणि खेड्यात, उन्हाधुळीत, लाइटीच्या भरवशावर हे चालतच नाही.

मी आर्वी तालुक्यात राहतो आणि चार हंगाम झाले, स्वतःच्या वावरात हे मशीन लावतो. एका मेसेजपायी पोरं खेळ सोडायला लागली, म्हणून लिहितोय.

आधी रडार. जगभरचे व्यावसायिक खेळाडू ज्या ट्रॅकमनवर विसंबतात, ती डेन्मार्कची कंपनी २००३ मध्ये रडारवरच उभी राहिली, आणि आजही तिच्या मशीनचा कणा रडारच आहे. तेव्हा रडार खोटं बोलतं हे म्हणणं टिकत नाही. फरक आहे तो पाहण्याच्या पद्धतीत. रडार चेंडूच्या मागे बसतं आणि उडणाऱ्या चेंडूचा माग काढतं. चेंडू जितका लांब उडताना दिसेल तितकं त्याला बरं. कॅमेऱ्याचं मशीन बहुधा चेंडूच्या बाजूला ठेवतात. ते फटक्याच्या क्षणाचे फोटो घेऊन पुढचं गणित करतं. म्हणून शहरातल्या दहा बाय पंधराच्या खोलीत कॅमेरा सरस ठरतो, हे मान्य. पण थेट उन्हात बरीच कॅमेरा मशीनं गडबडतात. उन्हात नीट चालणारी आहेत, पण ती स्वस्तातली नाहीत. आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर रिकामं वावर पडलेलं असतं. शहरातल्या खोलीचा सल्ला आपण कशाला मानायचा?

आता स्वस्त आणि महाग. ट्रॅकमनचं मैदानावर वापरायचं मशीन वीस हजार डॉलरच्या वर जातं. गार्मिन कंपनीचं आर-१० हे छोटं रडार २०२१ मध्ये सहाशे डॉलरला आलं. दोन्ही सारखी नाहीत, कोणी तसं म्हणूही नये. पण स्वस्त मशीनचा प्रत्येक आकडा सारखाच कच्चा नसतो. चेंडूचा वेग आणि निघतानाचा कोन ती बऱ्यापैकी पकडतात. कच्ची पडतात ती फिरकीत, म्हणजे स्पिनमध्ये. विशेषतः समोर जाळी असेल तर, कारण चेंडू फार थोडा वेळ दिसतो आणि मशीन अंदाज बांधतं. काही रडारसाठी चेंडूवर धातूचा बारीक ठिपका चिकटवतात, त्यानं हे सुधारतं. मला सरावात तीनच गोष्टी लागतात: वेग, कोन आणि चेंडू हवेतून किती गेला, म्हणजे कॅरी.

हा कॅरीचा आकडा खरा की खोटा, हे तपासायला आपल्यासारखी जागा नाही. मैदानावर चेंडू टप्पा खाऊन घरंगळतो, नेमका कुठे पडला ते कळत नाही. वखरलेल्या काळ्या मातीत तो पडतो तिथेच रुततो. मी शंभर मीटरपासून पुढे दर दहा मीटरवर एकेक तुराटी रोवली, समोर कोणी माणूस-ढोर नाही हे पाहिलं, आणि सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या गोल्फच्या काठीने, वीस चेंडू मारले. मग कागद घेऊन चालत गेलो आणि मातीतला एकेक खळगा टेपने मोजला. बहुतेक चेंडूंत मशीन आणि टेप यांत तीन-चार मीटरचा फरक निघाला. तीन चेंडू मात्र डाव्या धुऱ्याकडे गेले होते आणि मशीन त्यांना सरळ दाखवत होतं. दोष माझ्या मांडणीचा होता, मशीन तिरकं बसलं होतं. दोन अंशांची चूक दीडशे मीटरवर पाच मीटरची होते. तेव्हापासून पेरणीच्या ओळी धरायला लावतो तशी सुतळी ताणतो आणि तिच्या रेषेत मशीन बसवतो.

पडदा-प्रोजेक्टरची गोष्ट दोन वाक्यांत संपते. तो करमणुकीचा भाग आहे, सरावाला एक मजबूत जाळी आणि चटई पुरते.

राहिला खेड्याचा मुद्दा. लाइट गेली तरी अडत नाही, आर-१० सारखं मशीन बॅटरीवर दहा तासांपर्यंत चालतं. पण उन्हाचं म्हणणं खरं आहे, तेवढं मी मानतो. मे महिन्यात एकदा टिनाच्या छपरीत मशीन चार्जिंगला लावलं आणि ते चार्जच होईना. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि त्या छपरीत दुपारी त्याहून जास्त होतं. आता रात्री चार्ज करतो, सकाळी सहाला खेळतो. आणखी एक, जे मेसेजमध्ये नाही पण हवं होतं: जानेवारीच्या सकाळी १० अंश असतात आणि मे महिन्याच्या दुपारी ४५, तेवढ्या फरकाने हवा सुमारे ११ टक्के विरळ होते आणि चेंडू जास्त लांब जातो. मशीनमध्ये तापमान भरायची सोय असेल तर भरा, नाहीतर हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे आकडे शेजारी ठेवून स्वतःला दोष देत बसाल.

घेताना दुकानदाराला एक नक्की विचारा: वर्षाची फी न भरता कोणकोणते आकडे दिसतील, आणि नेट नसताना मशीन चालेल का? काही मशीनं अर्धे आकडे फीच्या मागे ठेवतात.

त्या पोराला मी गोठ्याशेजारची छपरी मोजायला लावली. लांबी सतरा फूट निघाली. रडार चेंडूच्या मागे सहा ते आठ फूट ठेवावं लागतं आणि पुढे जाळीपर्यंत किमान आठ फूट हवेत, म्हणजे लांबी पुरली. पण आडं साडेसात फुटांवर होतं, तिथे ड्रायव्हर, म्हणजे गोल्फची सगळ्यात लांब काठी, फिरणारच नाही. मग म्हटलं, छपरी सोड, तुरीच्या वावरात जा. तूर निघायला अजून महिना आहे, असं म्हणाला. तोवर त्यानं सुतळी आणि टेप आणून ठेवलाय.